हुर्राक, मेस्काल, माडी, मोह: मोसमाच्या पेयांचा धागा

तिळारीकाठ

मार्च सरत आला की आमच्या दोडामार्गात वाऱ्यावर एक वास असतो. गोडसर, जरासा आंबूस. काजूच्या झाडाखाली पिकून पडलेल्या बोंडवांचा. आमच्याकडे बी पिळून काढून घ्यायची आणि बोंडू तिथेच टाकायचा, ही लहानपणापासून पाहिलेली रीत. थोडे गुरं खातात, बाकीचे मातीत कुजतात. हद्द ओलांडून गोव्यातल्या डिचोलीत मामाकडे गेलं की तोच बोंडू पाट्यांत भरून भट्टीवर जाताना दिसायचा. झाड तेच, फळ तेच, मधे एक चेकनाका.

गेलं दीड वर्ष मी कामासाठी मेक्सिकोत आहे. फेब्रुवारीत चार दिवस ओआहाका राज्यात फिरून आलो आणि तेव्हापासून मामाची भट्टी डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

आधी मामाकडचं सांगतो. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपसूक पडलेलाच घ्यायचा. कच्चा बोंडू घशाला धरतो आणि पुढे फेणीतही ती तुरट चव उतरते, असं मामा म्हणायचा. कोळंबी म्हणजे दगडाची उथळ कुंडी. तीत बोंडू ओतून पायाने तुडवतात. तो रस भट्टीला जातो. उरलेल्या चोथ्याची रास करून ती रानवेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. सकाळी उठल्यावर आम्हा पोरांना पेलाभर मिळायचा, आणि त्यासाठी आम्ही हाक मारायच्या आधी उठायचो.

तुडवलेला रस तीनेक दिवस आंबवतात. बाहेरून काही घालत नाहीत, फळावरचंच यीस्ट काम करतं. मग तो भाणात, म्हणजे गाळायच्या मोठ्या भांड्यात, चढतो. भाणातली वाफ नळीतून लावणी नावाच्या भांड्यात उतरते आणि लावणीवर एक माणूस सतत गार पाणी ओतत बसलेला असतो. पहिल्या धारेला निघतो तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. तो टिकत नाही. मोसमातच प्यायचा, जून लागला की संपला. हुर्राक पुन्हा रसाबरोबर भाणात घातला की फेणी, ती ४२ टक्क्यांच्या पुढची. मामा फेणी पेल्यात जरा उंचावरून ओतायचा आणि वर येणारा फेस बघत राहायचा. फेस किती दाट आहे, किती वेळ टिकतो, यावरून तिचा जोर ओळखायचा. फेणी हे नावच फेणावरून आलं, असं सांगतात.

आता ओआहाका. सांता कातारिना मिनास नावाचं गाव. तिथे आगावेपासून मेस्काल नावाची दारू करतात. आगावे म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचं झाड. एस्पादीन ही त्यातली नेहमीची जात तयार व्हायला सात-आठ वर्षं लागतात. पानं छाटली की आतला गड्डा मोठ्या अननसासारखा दिसतो. जमिनीत खड्डा खणून, लाकडं पेटवून, वर दगड तापवून त्यावर हे गड्डे रचतात आणि मातीने झाकून चार-पाच दिवस भाजतात. मेस्कालला धुराचा वास येतो तो इथून. या गावात भाजलेले गड्डे अजून लाकडी मोगऱ्यांनी हाताने कुटतात. आंबवणं उघड्या लाकडी पिंपांत, हवेतल्या यीस्टवर. आणि गाळणं मातीच्या भांड्यांत. चुलीवर मातीचा हंडा, त्यावर बुडाशिवायचा दुसरा हंडा, सगळ्यांत वर गार पाण्याची तांब्याची परात. परातीच्या बुडाला वाफ निवते, थेंब आतल्या लाकडी पळीवर पडतात आणि बोरूच्या नळीतून बाहेर येतात.

तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने बोरूच्या नळीत थोडं मेस्काल ओढून घेतलं, तुंब्याच्या वाटीत उंचावरून सोडलं आणि वर आलेले बुडबुडे न बोलता बघत राहिला. त्याला ते पेर्लास म्हणतात, मोती. मान तिरकी करून बघण्याची ढब हुबेहूब मामाची. माझ्या तोंडून पटकन मालवणीत काहीतरी निघालं, त्याला अर्थातच कळलं नाही, पण तो हसला.

मला जे मनापासून म्हणायचंय ते पुढे आहे. मेक्सिकोने २०१७ पासून लागू केलेल्या नियमात मेस्कालच्या तीन प्रती ठरवल्या. त्यातली ‘आनसेस्त्राल’, म्हणजे पूर्वजांची, ही प्रत मिळवायची तर मातीच्या भांड्यातच गाळावं लागतं, तेही थेट जाळावर. म्हणजे भांडं जगावं म्हणून कायदा केला. बाटलीवर आगावेची जात, आणि बहुधा गावाचं आणि करणाऱ्याचंही नाव. आपल्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. याचा मला आनंदच आहे. पण मातीचं भाण बघताबघता गेलं. माझ्या आठवणीत मामाकडे तांब्याचंच होतं. मातीच्या भाणातली फेणी वेगळी लागायची असं आजी सांगायची.

तुमच्याकडे असं मोसमाशी आणि गावाशी बांधलेलं काय होतं, काय उरलंय? दारूच हवी असं नाही. आणि एक विनंती, घरी गाळायच्या कृती इथे कोणी देऊ नका. परवान्याशिवाय गाळणं बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही.

पोफळीची सावली

सुंदर लिहिलंयत. मी वेंगुर्ल्याची, माहेर भंडाऱ्यांचं. आजोबा माडी काढायचे. लोकांना वाटतं माडावर चढलं की झालं. आजोबा एक पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तयार करायला आठवडा-दीड आठवडा घेत. न उमललेली पोय दोरीने आवळायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाची बारीक चकती कापायची. जोरात ठोकली तर पोय मरते, हळू ठोकली तर रस येत नाही. मग दिवसातून दोनदा-तीनदा चढणं, बारा महिने, पावसातसुद्धा. त्यांच्या पायाच्या तळव्यांना खोबणी पडल्या होत्या.

पहाटेची, उन्हं यायच्या आत उतरवलेली गोड असते. भांड्याला आतून चुना लावला तर ती आंबत नाही, तीच नीरा. चुना नसला की दुपारपर्यंत फसफसायला लागते आणि संध्याकाळी चांगलीच आंबट. एकाच माडाचं एकाच दिवसात तीन चवींचं पेय. बाटलीत भरायचं म्हटलं तर यातली कुठली चव भरणार?

आता आमच्या वाडीत चढणारं कोणी नाही. शहाळं आणि नारळ विकला की सुटलं.

आंबोळी

माडीचं नाव निघालं म्हणून. गोव्यात तिला सूर म्हणतात, आणि सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, सुराशिवाय फुगली तरी ती चव येत नाही. पूर्वी गोव्यातल्या पोदेरांचा, म्हणजे पाववाल्यांचा, पावही सुरावरच फुगायचा. आमच्या वसईकडे लग्नात तळतात त्या फुग्यांच्या पिठातही जुन्या बायका ताडी घालत. चढणारा गेला की पेयाबरोबर पावाची चवही जाते, हे मला फार उशिरा कळलं.

गलबत

तिळारीकाठ, तुम्ही मेक्सिकोत आहात तर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोलिमा राज्यात जाऊन या. तिथे रस्त्यावर ‘तुबा’ विकतात. तुबा म्हणजे माडी! नाव फिलिपिन्सचं आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. त्यांतून नारळ गेला आणि माडावर चढणारी फिलिपिनो माणसंही गेली. त्यांनी तिथे माडी काढली आणि गाळून नारळाची दारूही केली. तुम्ही वर्णन केलेलं भांडं, वर गार पाण्याची परात आणि आत थेंब झेलणारी पळी, ही आशियातली घडण आहे. ती या माणसांबरोबर मेक्सिकोत पोचली आणि मग आगावेसाठी वापरात आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

आणि काजू? तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला. म्हणजे अमेरिकेचं फळ आपल्याकडे येऊन फेणी झालं, आणि आशियातली गाळण्याची रीत अमेरिकेत जाऊन मेस्कालच्या कामी आली. तुमच्या मामांची आणि त्या म्हाताऱ्याची मान सारखीच तिरकी होते याचं मला नवल वाटत नाही.

तिळारीकाठ

गलबत, अंगावर काटा आला. त्या परातीकडे बघताना हे आपण कुठेतरी पाहिलंय असं वाटत होतं, पण आमच्या भट्टीत तर नळी बाहेरून जाते. मग कुठे पाहिलं असेन?

वैनगंगा

मोहाच्या भट्टीत पाहिलं असेल. आमच्या गडचिरोलीकडे अशीच असते. खाली आंबलेल्या फुलांचं मडकं, त्यावर दुसरं, आत झेलायला लहान भांडं आणि सगळ्यांत वर गार पाण्याचं. पाणी कोमट झालं की बदलायचं. किती पाणी बदललं यावरून दारू कडक की सौम्य ते ठरतं.

मला या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस झालं. लिहितेच.

मोह आमच्यासाठी आधी अन्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. रसाळ, फिकट पिवळी, मण्यांसारखी. अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. वाळवलेली फुलं वर्षभर पुरतात. भाजून खातात, लाडू करतात, भाकरीच्या पिठात घालतात. पुढे फळं येतात, टोळी म्हणतो आम्ही त्यांना, त्यांच्या बियांचं तेल निघतं. दारू ही त्यातली एक गोष्ट, आणि ती देवाला, पितरांना दाखवल्याशिवाय कोणी पीत नसे. जन्म, लग्न, मरण, पेरणी, प्रत्येकात मोहाचे दोन थेंब आधी जमिनीला.

पण माझ्या आईने दुसरंही पाहिलंय. पिशवीतली, गुळात काहीबाही टाकून गाळलेली, उधारीवर विकली जाणारी. माझ्या वडिलांची दोन एकर त्यात गेली. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली, त्यासाठी ज्या बायका रस्त्यावर उतरल्या त्यांत आई होती. तिच्यासमोर मी ‘वारसा पेय’ हा शब्द उच्चारू शकत नाही. तुम्ही जे लिहिलंत ते सुंदर आहे आणि खरं आहे. हेही खरं आहे, इतकंच सांगायचं होतं.

सूर्याकाठ

वैनगंगाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या पालघरच्या बाजूचा इतिहास तुमच्या बोलण्याला जोडून सांगतो.

इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. तोवर आदिवासी घरोघरी मोहाची गाळत आणि ताडीचं झाड ज्याचं त्याचं असे. कायद्याने गाळणं मोठ्या भट्ट्यांकडे आणि विकणं गुत्तेदारांकडे गेलं. उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू गावागावातल्या दुकानांत येऊ लागली. ताडीच्या झाडावर कर बसला. तरी लोक गाळतातच, म्हणून १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला. ज्या भागांत तो लागू केला तिथे फुलं साठवण्यावरच बंधन आलं. दुष्काळात जी फुलं पोट भरायची ती घरात ठेवणं गुन्हा! सणाला घरी केलेली चार घोट दारू गेली, आणि तिच्या जागी रोज उघडं असलेलं दुकान आणि उधारीची वही आली.

१९२२ च्या सुमारास आमच्या किनाऱ्यावर कोळ्यांत देवी अंगात यायला लागली. सलाबाई म्हणत तिला. देवी सांगायची दारू सोडा, ताडी सोडा, गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. ही लाट त्याच वर्षाच्या शेवटी सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली. हजारो आदिवासींनी दारू सोडली. तुमच्या आईने जे केलं ते त्याच रांगेतलं आहे असं मी मानतो. आमच्या आजीकडे मोहाच्या फुलांची पुरणपोळी असायची आणि दारूच्या दुकानाचा तिला तिटकारा होता. दोन्ही एकाच बाईत होतं.

तिळारीकाठ

ताई, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. मी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त मामाची भट्टी होती. तिथे मोसम संपला की भाण उपडं पडायचं आणि उरलेलं वर्ष घरात बहुधा एकच बाटली असायची, ती पोटदुखीला आणि बाळंतिणीला चोळायला. मोसमाचं पेय मोसमातच संपायचं. बारमाही दुकान आलं तेव्हा ती मर्यादा गेली. सूर्याकाठ यांनी सांगितलेल्या इतिहासानंतर मला हे जास्त नीट दिसतंय. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

फ्योर्ड

धागा वाचून राहवलं नाही. मी नॉर्वेत बर्गनला राहते. इथून जवळ वॉस म्हणून भाग आहे, तिथे शेतकरी घरी बिअर करतात आणि त्यासाठी ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. मला कळावं म्हणून शेजारच्या आजींनी जे सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, अहो हे तर विरजण!

खरंच विरजण आहे. बिअर झाली की तळाचं किंवा वरचं यीस्ट काढून लाकडी तुकड्यांच्या गुंफलेल्या कड्यावर किंवा कापडावर वाळवतात. पुढच्या खेपेला, कधी वर्षाने, तेच कडं रसात बुडवतात. आपलं बिघडलं तर शेजाऱ्याकडून मागून आणतात, आणि शेजाऱ्याने मागच्या वर्षी तुमच्याचकडून नेलेलं असतं. साधं बिअरचं यीस्ट २० अंशांच्या आसपास घालतात, हे मात्र ३५-४० अंशांनाही खुशाल चालतं. हाताला कोमट लागलं की घाला, थर्मामीटर नको. आपण विरजणाला दूध बोट बुडवून बघतो तसंच. पाण्यात जुनिपर नावाच्या झुडपाच्या फांद्या उकळतात, त्याचा वास घरभर पसरतो. यीस्ट घालताना मोठ्याने ओरडायची रीत होती, म्हणजे बिअर जोरकस होते! आजींनी मला ओरडून दाखवलं.

ही यीस्टं बहुतेक घरांतून गेली होती. काही मोजक्या घरांनी हट्टाने ठेवली म्हणून आज जगभरच्या बिअरवाल्यांना मिळतायत. माझ्या आईचं विरजण पंचवीस वर्षांचं आहे. या खेपेला घरी गेले की थोडं वाळवून आणणार आहे.

सातेरी

थोडक्यात लिहितो. मधाच्या पेयांना आपल्याकडे पुणे-नाशिकच्या काही धडपड्या तरुणांमुळे पुन्हा दिवस आलेत. पण इथिओपियात हे कधी थांबलंच नाही. तिथे ‘तेज’ म्हणजे मध, पाणी आणि गेशो नावाच्या झुडपाची कडवट पानं-काड्या. नुसतं गोड राहू नये म्हणून ते कडू. बेरेले नावाच्या लांब मानेच्या काचेच्या सुरईतून पितात. मी अदिस अबाबात प्यायलोय. पिवळाधमक रंग, गढूळ, आणि मधाची चव शेवटी येते, आधी पानांची. आपल्या सातेरी माशीच्या मधाला फुलोऱ्याप्रमाणे चव बदलते, जांभळाचा वेगळा, हिरड्याचा वेगळा. एका फुलोऱ्याच्या मधाचं एक पेय, बाटलीवर घाटाचं नाव, असं कोणी केलं तर मी रांगेत पहिला.

नवाच

हुर्राक एकदाच प्यायलोय, तोही दिवाळीत पणजीजवळ. फारसा आवडला नाही. असाच लागतो का?

तिळारीकाठ

दिवाळीत मिळाला तो हुर्राक जुना असणार, किंवा हुर्राकच नसणार. एप्रिलमध्ये जा. चांगला हुर्राक नाकाशी नेला की बोंडवाचा वास ओळखू येतो, आणि घशाखाली उतरताना जाळत नाही. लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, दुपारच्या उन्हात. हलका लागतो म्हणून गाडीच्या किल्ल्या आधीच दुसऱ्याकडे द्या. फेणीच्या वासाने ज्यांना त्रास होतो त्यांनाही हुर्राक बहुधा आवडतो.

पोफळीची सावली

तुमच्या आजी म्हणायच्या ते मातीचं भाण आता कुठेच नाही का?

तिळारीकाठ

तुमचा प्रश्न वाचून आज मामाला फोन केला. आजोबांच्या वेळचं भाण अजून आहे. गोठ्यामागे, उपडं, तोंडाला एक चीर गेलेली. मामीने त्यात बरीच वर्षं बियाण्याचं भात ठेवलं. ते घडवणारा कुंभार कधीच गेला, त्याची मुलं आता कुंड्या आणि पणत्या करतात. मामा म्हणाला, मोजमाप घ्यायला भाण आहे, आणि विचारायला ती मुलं आहेत. एका भाणापुरती माती त्यांना जमेल का, ते तो या रविवारी जाऊन बघणार आहे. मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकली आहे.

वैनगंगा

आईला तुमचा नमस्कार सांगितला. ती म्हणाली, भाण झालं तर आधी त्यात गोड नीरोच ठेवा आणि पोरांना द्या. यंदा आमच्याकडे मोह चांगला गळतोय. लाडू पाठवते, पत्ता निरोपात कळवा.